जमादार ते नायब सुभेदार : हुद्द्यांच्या नावांची गोष्ट

ट्रेनिंग सेंटरला नवीन आलेलं पोरगं पहिल्या आठवड्यात जे शब्द शिकतं ते निम्म्या जगातून आलेले असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. ते लाइनीत उभं राहतं, लाइन इंग्रजी. लंगरमध्ये जेवतं, लंगर फारसी. पाठीवर पिठ्ठू चढवतं, तो आपल्या देशी पाठीवरून आलेला. सकाळी कवायत करतं, कवायत अरबी. शेवटी कसम परेडला उभं राहतं, त्यात कसम अरबी आणि परेड पुन्हा इंग्रजी. घरी फोनवर मात्र म्हणतं, "आई, इथं सगळे हिंदीच बोलतात."

आमच्या युनिटमध्ये (कुठे ते लिहायची पद्धत नाही) वाचनालयाबाहेर एक काळी पाटी आहे. रोज सकाळी तिच्यावर खडूने एक माहिती लिहायची, वर शीर्षक 'आज का ज्ञान'. गेल्या हिवाळ्यापासून ती पाटी माझ्याकडे आहे. देशांच्या राजधान्या, सर्वांत लांब नदी, पहिली महिला अमुक हे सगळं दोन महिन्यांत संपलं. जवानांचंही लक्ष उडालं होतं. मग विचार केला, ज्या शब्दांनी आपण एकमेकांना दिवसभर हाक मारतो त्यांचीच माहिती लिहावी. रोज एक हुद्दा. त्या पाटीवर दोन ओळींपेक्षा जास्त मावत नाही, म्हणून उरलेलं इथे लिहितो.

सुरुवात तळापासून. शिपाई. फारसीत 'सिपाह' म्हणजे सैन्य, आणि सैन्यातला तो सिपाही. इंग्रजांनी त्याचं 'सेपॉय' केलं, फ्रेंचांनी उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या घोडदळाला 'स्पाही' म्हटलं. तुर्कस्तानात सिपाही हा जमिनीचा महसूल मिळणारा घोडेस्वार होता, म्हणजे चांगला मानकरी. आपल्याकडे तोच शब्द पायदळाच्या सर्वांत खालच्या हुद्द्याला लागला. मराठीत तर तो आणखी पुढे गेला आणि सरकारी कचेरीत फाइल घेऊन फिरणाऱ्यालाही शिपाई म्हणू लागले. इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी जखमी साथीदारांना उचलून आणून नंतर शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने मोडणारे नामदेव जाधव शिपाईच होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कुणी 'नुसता शिपाई' म्हटलं की मला ते नाव आठवतं.

जवान हा हुद्दा नव्हे, पण सगळ्यांना लागू. फारसी 'जवान' आणि संस्कृत 'युवन्' ही सख्खी भावंडं आहेत. लॅटिनमधला 'युवेनिस' त्यांचा चुलतभाऊ. तिन्हींचा अर्थ तरुण. पन्नाशीला आलेला माणूसही फौजेत जवानच राहतो, त्याला भाषेचीच परवानगी आहे.

नाईक हा या शिडीवरचा एकमेव संस्कृत शब्द. नायक, नेणारा, पुढे चालणारा. विजयनगरच्या साम्राज्यात नायक म्हणजे मोठे सरदार. साम्राज्य मोडल्यावर मदुराई आणि तंजावर इथे नायकांची स्वतंत्र राज्ये झाली. शिवाजी महाराजांच्या पायदळात हाच नाईक सर्वांत लहान तुकडीचा, साधारण दहा पाईकांचा, म्होरक्या होता. आजही तो दहाएक माणसांच्या सेक्शनच्या आसपासच असतो, म्हणजे साडेतीनशे वर्षांत त्याचं काम फारसं बदललेलं नाही. त्याच्या खालचा लान्सनाईक मात्र मजेदार जोडकाम आहे. इटालियनमध्ये 'लांचा स्पेत्साता' म्हणजे मोडका भाला. लढाईत भाला मोडेपर्यंत लढलेला अनुभवी सैनिक, असा त्याचा अर्थ. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तिथे त्याचा 'लान्स कॉर्पोरल' झाला, आणि हिंदुस्थानात कॉर्पोरलच्या जागी नाईक बसला. अर्धा शब्द इटलीचा, अर्धा संस्कृत. हा हुद्दा खांद्यावर घेऊन लान्सनाईक अल्बर्ट एक्का १९७१ मध्ये गंगासागरला लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

आता हवालदार. अरबी 'हवाला' म्हणजे सोपवलेली गोष्ट, आणि 'दार' हा फारसी प्रत्यय म्हणजे धरणारा. ज्याच्या हवाली काही केलं आहे तो हवालदार. स्वराज्यात त्याच्या हवाली अख्खा किल्ला असे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस या तिघांवर किल्ल्याचा कारभार चाले, आणि रात्री दरवाजे बंद झाल्यावर किल्ल्या हवालदाराकडे राहात. घोडदळातही हवालदार होता. सभासदाने बखरीत दिलेल्या रचनेनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार. किल्लेदारीचा हवालदार गेला, पंचवीस माणसांचा हवालदार उरला.

सुभेदार याहून जोरात घसरला. 'सुभा' म्हणजे प्रांत. अकबराने १५८० मध्ये राज्याचे बारा सुभे पाडले आणि प्रत्येकावर एक सुभेदार नेमला. पुण्याच्या लालमहालात बोटं गमावणारा शाहिस्तेखान दख्खनचा सुभेदार होता, नंतर बंगालचा झाला. एकेका सुभेदाराच्या ताब्यात आजच्या एखाद्या राज्याएवढा मुलूख. मल्हारराव होळकरांनाही सुभेदार म्हणत, ते याच थाटाने. आणि ईस्ट इंडिया कंपनीने काय केलं? ज्या पदवीपुढे आपले व्यापारी कालपर्यंत अर्ज घेऊन उभे राहात होते, तीच पदवी शंभरेक शिपायांच्या कंपनीवरच्या देशी माणसाला दिली. सुरुवातीला त्याला थोडा अधिकार तरी होता. गोरे अधिकारी वाढत गेले तसा तोही गेला. तीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार विलायतेहून काल उतरलेल्या गोऱ्या पोरापेक्षा खालचाच. नाव सुभ्याचं, अधिकार परेड ग्राउंडपुरता.

इथे पाटी वाचणाऱ्या एका सिग्नलमनने विचारलं, "साब, हे सगळे अरबी-फारसी शब्द आपण बदलले का नाहीत?" प्रश्न चांगला आहे आणि तो नवा नाही. राज्याभिषेकानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला. त्यात कारभारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. अष्टप्रधानांची नावं बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, सरनौबताचा सेनापती, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. त्यातले काही शब्द रुजले. सेनापती तर आज कुणाला परका वाटत नाही, आणि पंतप्रधान दिल्लीत बसतात. पण पेशवा हा शब्द काही हटला नाही, पुढे शंभर वर्षं त्यानेच राज्य केलं. हवालदार आणि सुभेदारही हटले नाहीत. दरबारातलं नाव हुकमाने बदलता येतं. रोज शंभर वेळा तोंडात येणारं नाव बदलायला हुकूम पुरत नाही.

शिवाय शब्द कुठून आला यापेक्षा तो आपण कसा वापरला हे जास्त बोलतं. महादजी शिंद्यांनी फ्रेंच पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या, द बॉयन त्यांचा सरदार. त्या फौजेला 'कंपू' म्हणत, मूळ पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे छावणी. उत्तर हिंदुस्थान ज्या नावाने दबकत होता त्या 'कंपू'चा अर्थ आज मराठीत टोळकं, आपापल्या माणसांची गटबाजी. 'गारदी' हा युरोपियन 'गार्ड'वरून आला. पानिपतावर इब्राहिमखान गारदी तोफांसह उभा राहिला आणि मेला, तेव्हा तो शब्द अभिमानाचा होता. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या दिवसापासून मराठीत गारदी म्हणजे मारेकरी. एका दिवसात शब्द नासला. त्यामानाने 'पलटण' नशीबवान. तो 'बटालियन'चा अपभ्रंश, त्यात कदाचित 'प्लटून'चीही भेसळ. पण १७६८ ची आमची जंगी पलटण आजही त्याच नावाने ओळखली जाते, आणि गावाकडे आज्जी नातवंडांच्या घोळक्यालाही कौतुकाने पलटणच म्हणते.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला तो. जमादार.

अरबी 'जमा' म्हणजे एकत्र आलेले. जमाव, जमात, जमाखर्च सगळे त्याच घरातले. जमलेल्या माणसांचा म्होरक्या तो जमादार. कंपनीच्या आणि नंतरच्या फौजेत सुभेदाराच्या लगेच खालचा हुद्दा. १८५७ च्या मार्च महिन्यात बराकपूरला मंगल पांडे यांना पकडायचा हुकूम झाला तेव्हा तो पाळायला नकार देणारे ईश्वरी प्रसाद जमादार होते. मंगल पांडे यांच्यापाठोपाठ त्याच एप्रिलमध्ये त्यांनाही फाशी दिलं. १९१५ मध्ये बेल्जियममध्ये ईप्र इथे विषारी वायूच्या हल्ल्यात आपली माणसं सांभाळत मागे आणणारे मीर दस्त जमादार होते. नंद सिंह यांना बर्मामध्ये १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा ते नाईक होते. डिसेंबर १९४७ मध्ये उरीजवळ ते पडले आणि मरणोत्तर महावीरचक्र मिळालं तेव्हा ते जमादार होते.

माझे आजोबा १९६१ साली जमादार म्हणून पेन्शनवर आले. आमच्या गावात त्यांना शेवटपर्यंत 'जमादार'च म्हणत, घराला जमादारांचा वाडा, विहिरीला जमादारांची विहीर. त्यांच्या पेन्शनच्या कागदावरचा तो शब्द मला लहानपणी वाचता येऊ लागला तेव्हा मी तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि आजोबांनी चार आणे दिले होते.

काही वर्षांपूर्वी मी उत्तर प्रदेशातल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टरमध्ये होतो. मुलगा तिसरीत. शाळेत 'माझे कुटुंब' यावर बोलायचं होतं. त्याने उभं राहून सांगितलं, मेरे परदादा जमादार थे. वर्ग हसला. तिकडे जमादार म्हणजे झाडूवाला, संडास साफ करणारा. पोरगं घरी आलं ते रडतच. मी त्याला कागद काढून दाखवला, पदकं दाखवली, हुद्द्याची गोष्ट सांगितली. त्याचं समाधान झालं. डोळे पुसून त्याने विचारलं, "म्हणजे आपण त्या जमादारांसारखे नाही ना?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि खरंही होतं. पण आमच्या ब्लॉकमध्ये सकाळी साडेपाचला जो माणूस झाडायला यायचा त्याचा मुलगाही तिसरीतच असावा एवढा होता. त्याने वर्गात उभं राहून तेच वाक्य म्हटलं असतं तर त्याच्या बापाला कपाटातून कोणता कागद काढता आला असता? मी मुलाला म्हटलं, "वर्ग आजोबांना हसला नाही. तो झाडणाऱ्याला हसला. आणि तेही हसण्यासारखं नाही." त्याला किती कळलं माहीत नाही. मला मात्र तेव्हापासून या शब्दाचा पाठलाग करावासा वाटला.

शब्द इथवर कसा आला, तर शहरांत सफाई कामगारांच्या टोळीवर जो मुकादम असे त्याला जमादार म्हणत. पुढे मुकादमाचं नाव टोळीतल्या प्रत्येकाला लागलं. कधी मान देण्यासाठी, कधी कामाचं नाव तोंडाने उच्चारायला नको म्हणून. पण काम तेच राहिलं आणि काम करणाऱ्याकडे बघण्याची नजरही तीच राहिली. मग मान वर चढण्याऐवजी शब्दच खाली आला. असं पहिल्यांदा झालं असंही नाही. 'मेहतर' बघा. फारसीत 'मिहतर' म्हणजे अधिक मोठा, श्रेष्ठ. हिंदुकुशातल्या चित्रालच्या राजाची पदवी मेहतर होती. त्याच शब्दाने इकडे मैला वाहणाऱ्याला हाक मारली जायची. राजाची पदवी दिली, हातातली टोपली काढून घेतली नाही.

फौजेने १९६५ मध्ये जमादार हा हुद्दा बदलून नायब सुभेदार केला, रिसाल्यात नायब रिसालदार. फौजेच्या बाजूने ते बरोबरच होतं. सैनिकाला गावी गेल्यावर आपला हुद्दा अभिमानाने सांगता आला पाहिजे. आणि नवीन नाव टिकलं. १९८७ च्या जूनमध्ये सियाचिनवर बर्फाच्या उभ्या भिंतीवरून चढून शत्रूची चौकी घेणारे बाना सिंह नायब सुभेदार होते. आता त्या ठाण्यालाच त्यांचं नाव आहे. फौजेतला 'सफाईवाला' हा ट्रेडही हल्ली 'हाउसकीपर' असा लिहिला जातो. चांगलंच आहे. फक्त मेहतर आणि जमादार या दोन शब्दांचा अनुभव बघता, तिसऱ्या शब्दाचं काय होईल ते आपल्या वागण्यावर आहे, कागदावर नाही.

नायब या शब्दाची गंमत सांगायची राहिली. अरबीत 'नाइब' म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम बघणारा. त्याचं अनेकवचन 'नुव्वाब', आणि त्यावरून आपला नवाब. म्हणजे लखनौचा नवाब आणि कंपनीतला नायब साहेब एकाच शब्दातून निघाले. आणि फ्रेंचमध्ये 'ल्यू' म्हणजे जागा, 'तनाँ' म्हणजे धरणारा, दोन्ही मिळून लेफ्टनंट. अर्थ तोच, दुसऱ्याची जागा सांभाळणारा. परेडवर लेफ्टनंट साहेब आणि नायब सुभेदार साहेब एकमेकांना सॅल्यूट देतात तेव्हा शब्दांच्या हिशेबाने दोघं एकाच अर्थाचे असतात. ही माहिती पाटीवर लिहिली त्या दिवशी आमचे तरुण लेफ्टनंट साहेब थांबून दोनदा वाचून गेले.

हुद्द्याचं नाव माणसाला काय देतं हे महूला कळतं. मध्य प्रदेशातली ही छावणी, आता डॉ. आंबेडकर नगर. कोर्सला गेलो होतो तेव्हा जन्मभूमीचं स्मारक बघितलं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ चा जन्म त्या छावणीतला. छावणीच्या बाहेर ज्या माणसाला विहिरीवर पाणी भरू देत नसत त्याला छावणीत सुभेदार म्हणायचे आणि तो दुसऱ्यांना शिकवायचा. आणि मग इंग्रज सरकारने त्याच दशकात महारांची भरतीच थांबवली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा हिशेब त्यांनी मांडला होता. कोकणातल्या पेन्शनर सुभेदार-जमादारांनी अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना शिपाई हा सर्वांत खालचा शब्दसुद्धा पन्नास वर्षं नाकारला गेला त्यांना त्याचं मोल विचारावं. आपण तो किती सहज वापरतो.

शेवटचा शब्द साहेब. अरबीत 'साहिब' म्हणजे सोबती, बरोबर चालणारा. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात ते याच धातूवरून. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत तो मालक झाला, आणि गोऱ्यांच्या राज्यात त्याला खुर्ची आणि पंखा मिळाला. आज जवान मला दिवसातून पन्नास वेळा 'साब' म्हणतात. मीही वरच्यांना म्हणतो. त्याचा मूळ अर्थ मी पाटीवर एका सोमवारी लिहिला. संध्याकाळी लंगरमध्ये ताट घेऊन बसलो तर शेजारचा हवालदार सरकून जागा करत म्हणाला, "या साब, सोबतीला बसा." आणि आमच्यासोबत बसून जेवणाऱ्या हाउसकीपरलाही त्याने त्याच शब्दाने हाक मारली, "आओ साब." कुणी हसलं नाही.

पुढच्या लेखात खाकी, डिक्सी आणि पट्टी. हे तीन शब्द इथून विलायतेला गेले आणि गणवेश घालून परत आले.

जय हिंद.